विश्लेषण : रायफलच्या दस्त्याला अंगठ्यापुरते भोक, अमेरिकेच्या कायद्याला त्याची दखल का घ्यावी लागली?

शिकारीच्या रायफलचा जुना दस्ता काढून त्या जागी आपल्या हाताच्या मापाचा नवा दस्ता बसवणे, हे अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी नेहमीचे काम. त्यातला एक लोकप्रिय प्रकार म्हणजे 'थंबहोल' दस्ता. मात्र याच दस्त्यामुळे एखादी रायफल बेकायदाही ठरू शकते. ते कसे?

थंबहोल दस्ता म्हणजे काय?

खांद्याला टेकणारा आणि हातात धरायचा रायफलचा भाग म्हणजे दस्ता, अर्थात स्टॉक. साध्या दस्त्यात अंगठा वरून पलीकडे जातो. थंबहोल दस्त्यात मुठीमागे आरपार भोक असते आणि अंगठा त्यातून जातो.

फायदा काय, तोटा काय?

मनगट कमी वाकते, मूठ सैल ठेवूनही पकड पक्की राहते आणि चाप सरळ मागे ओढणे सोपे जाते. बसून किंवा टेकू घेऊन नेम धरताना याचा उपयोग होतो. गोळीचा धक्का मात्र भोकामुळे कमी होत नाही. तो रायफलचे वजन आणि काडतूस यांवर ठरतो.

तोटा वेगाचा आहे. बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागतो. त्यासाठी अंगठा भोकातून बाहेर काढायचा आणि पुन्हा आत घालायचा. शिवाय उजव्या हातासाठी घडवलेला दस्ता डावखुऱ्यांना सहसा चालत नाही.

दस्ता बदलताना काय पाहतात?

चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर तयार रायफलींमध्ये साधारण साडेतेरा इंच असते. ते हाताच्या लांबीनुसार कमी-जास्त केले जाते. गाल टेकवल्यावर डोळा दुर्बिणीच्या रेषेत यायला हवा. अक्रोडाचे लाकूड दमट हवेत फुगते आणि नळीला टेकले तर नेम सरकतो. म्हणून नळी आणि दस्ता यांच्यात बारीक फट ठेवतात. कागदाची पट्टी फटीतून न अडखळता सरकली, तर काम नीट झाले असे समजतात. यंत्रणा जिथे बसते त्या खाचेत इपॉक्सी भरून ती घट्ट बसवतात. त्याला 'बेडिंग' म्हणतात.

मग कायद्याचा संबंध कुठे आला?

१९८९ मध्ये अमेरिकेने ४३ प्रकारच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींची आयात रोखली. 'क्रीडा उपयोग' हा निकष त्या पूर्ण करत नाहीत, असे कारण दिले गेले. उत्पादकांनी वेगळी पिस्तुल-मूठ काढली, थंबहोल दस्ता लावला आणि त्याच धर्तीच्या रायफली पुन्हा बाजारात आणल्या. १९९८ मध्ये सरकारने ही वाटही अडवली. या वेळी मोठ्या क्षमतेचे लष्करी मॅगझिन बसते का, हे पाहिले गेले.

कॅलिफोर्नियाने २००० पासून आणि न्यूयॉर्कने २०१३ च्या कायद्यात थंबहोल दस्त्याचा थेट उल्लेख केला. काढता येणारे मॅगझिन असलेल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलला असा दस्ता असेल, तर ती 'असॉल्ट वेपन' ठरू शकते. बोल्ट-ॲक्शन रायफल या व्याख्येत येत नाही. म्हणजे एकाच आकाराचा दस्ता एका रायफलवर निव्वळ सोय, तर दुसरीवर गुन्हा. टीकाकारांच्या मते हा कायदा मारकशक्तीपेक्षा दिसण्याला महत्त्व देतो. समर्थक म्हणतात, पिस्तुलासारख्या पकडीमुळे वेगाने गोळ्या झाडताना ताबा राहतो.

भारतात काय स्थिती?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी घातली. त्यामुळे दस्त्याच्या मापाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने क्रीडा नेमबाजीत होते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. या प्रकारात गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून नेम साधायचा असतो. त्यासाठी गालाची पट्टी आणि खांद्याकडचा भाग सरकवता येईल असे दस्ते वापरतात. रायफल अंगाला जुळली पाहिजे, हे सूत्र मात्र दोन्हीकडे एकच.