पदपथावरच्या छायाचित्रणासाठी आधी लेन्स ठरवावी

मिररलेस कॅमेरा घेताना बहुतेकांचे पैसे बॉडीवरच संपतात आणि सोबत येईल ती झूम लेन्स गळ्यात पडते. रस्त्यावरील छायाचित्रणात हे गणित उलटे हवे. एपीएस-सी सेन्सरवर २३ मिमीची लेन्स फुल-फ्रेमवरील ३५ मिमीइतकेच दृश्य टिपते. माणूस आणि त्याच्यामागचा बाजार दोन्ही चौकटीत मावतात. एफ/८ ठेवून ३ मीटरवर फोकस कायम केला, की सुमारे २ ते २० मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट उमटते. मग ऑटोफोकसच्या वेगाची चिंता उरत नाही. शिवाय भुलेश्वरच्या गल्लीत लांबलचक झूम रोखली, तर विक्रेता आधी सावध होतो!

सायंकाळी मात्र एफ/८ परवडत नाही. एफ/२ वर फोकसचा पट्टा अरुंद होतो आणि चांगल्या ऑटोफोकसची गरज तेव्हाच भासते. बॉडीतील स्थिरीकरण हाताचा कंप थोपवते, चालणाऱ्या माणसाला नव्हे. त्यासाठी १/२५० सेकंदाचा शटरवेगच लागतो.