रेवदंड्याच्या तटापासून भोवाळ्याच्या तळ्यापर्यंत

अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता रेवदंडा गावात किल्ल्याचा तट भेदूनच आत शिरतो. मोटारीतून जाणाऱ्यास हे क्षणभर जाणवते न जाणवते, तोच पुढचे वळण येते. परंतु येथे उतरून, समुद्राकडे पाठ करून जो चौलच्या वाड्यांमधून भोवाळ्यापर्यंत पायी जाईल, त्याला पश्चिम किनाऱ्यावरील एका प्राचीन बाजारपेठेचे उरलेले रूप दोन-अडीच तासांत पाहावयास मिळते.

हा किल्ला म्हणजे तटाने वेढलेले एक संपूर्ण नगरच होते. १५२१ साली पोर्तुगीजांनी निजामशहाच्या संमतीने तो बांधावयास घेतला. पुढे १५७०-७१ मध्ये त्याच घराण्यातील मुर्तजा निजामशहाने त्याला कित्येक महिने वेढा घातला, तरी तो पडला नाही. वसईच्या पाडावानंतर १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. आत आज माडांच्या सावलीत पडकी प्रार्थनामंदिरे आहेत आणि त्यांत एक उंच मनोरा आहे. लोक त्याला सातखणी म्हणतात, मात्र सात खण आता कोणास मोजता येत नाहीत.

तटाबाहेर पडताच वाट वाड्यांमध्ये शिरते. अष्टागरातील वाडी म्हणजे नारळ-पोफळीची बाग. दोन्ही अंगांना दगडी गडगे, मध्ये बैलगाडीपुरती वाट आणि वर झावळ्यांचे छत, त्यामुळे भर दुपारीही येथे ऊन ठिपक्याठिपक्यांनीच उतरते. प्रत्येक वाडीत एक विहीर असते. पूर्वी तिच्यावर बैलांचा रहाट फिरे. आता पंप आले आहेत, तरी पाण्याचे पाट आणि झाडांभोवतीची आळी जुन्याच पद्धतीची आहेत. वाडीला पाणी देण्यास येथे ‘शिंपणे’ म्हणतात. हिवाळा सरला की शिंपण्यात खंड पडून चालत नाही, कारण पोफळीला तहान सोसत नाही.

या वाटेवर व्यापारी कुळातील वाचकास एक वेगळीच ओळख पटावी. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाने चौलच्या हंगामाचे वर्णन केले आहे. डिसेंबरपासून मार्चपर्यंत मलबार आणि इतर बंदरांतील गलबते खाडीत लागत, आणि देशावरून बैलांचे तांडे माल घेऊन घाट उतरत. मोकळ्या जागेत पेठ भरे, सौदे होत, आणि हंगाम संपला की सारे आपापल्या वाटेने परत जात. घाटावरचे कापड आणि धान्य खाली येई, समुद्रावरून आलेला माल वर चढे. त्याच्याही आधी, १४६९ च्या सुमारास, अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी येथेच एक घोडा विकावयास घेऊन उतरला होता. चौलहून पाली आणि तेथून जुन्नर असा त्याचा पुढला प्रवास झाला, आणि जुन्नरच्या अधिकाऱ्याने तो घोडाच अडकवून ठेवला. एकाच नगावर सारे भांडवल लावणाऱ्याची ही चिंता समजण्यास पाचशे वर्षांचे अंतर आड येत नाही. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे.

ती पेठ मोडली कशी? पोर्तुगीजांचे बळ ओसरले आणि मुंबई उदयास आली. चौलच्या रेशमी वस्त्रांचे विणकरही सतराव्या शतकात मुंबईस जाऊन वसू लागले. पेठ गेली, बागा राहिल्या.

त्या बागांवरही ३ जून २०२० रोजी मोठा घाला आला. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले आणि काही तासांत माड उन्मळले, सडपातळ पोफळी तर रांगाच्या रांगा मोडून पडल्या. भाताचे पीक बुडाले तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. पोफळीचे रोप लावले तर ते फळावर येण्यास सहा-सात वर्षे जातात, आणि तोवर शिंपणे, खत, मजुरी हा सारा खर्च आतबट्ट्याचाच. दुसरीकडे, मुंबईकरांच्या बंगल्यांसाठी जमिनीला मिळणारा भाव सुपारीच्या उत्पन्नाशी तोलताच येत नाही. ज्याची मुले पुण्या-मुंबईस नोकरीला आहेत, त्या बागाईतदाराने रोपे लावावीत की सातबारा विकावा, हा प्रश्न अनेक घरांतून आजही मिटलेला नाही. वाटेवर त्याची दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी दिसतात. एका गडग्याआड गुडघाभर वाढलेली पोफळीची रोपे, तर पुढच्याच ठिकाणी गडगा पाडून उभे केलेले लोखंडी फाटक. अशा फाटकांपाशी जुनी पायवाट बहुधा संपते आणि चालणाऱ्यास डांबरी रस्त्यावर यावे लागते.

पुढे चौलचे रामेश्वर मंदिर लागते. समोर पायऱ्यांची पुष्करणी आहे, आणि मंडपातील एक झाकलेले कुंड पर्जन्यकुंड म्हणून ओळखले जाते. पाऊस फारच लांबला तर ते उघडण्याचा परिपाठ आहे. तेथून वाड्या विरळ होत जातात आणि भातखाचरे सुरू होतात. भात निघाल्यावर याच ओलीवर वाल टाकतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत बांधावरून जाताना दोन्ही बाजूंस वालाचे हिरवे वेल दिसतात. चालण्यास हाच काळ उत्तम, कारण पावसाळ्यात बांध निसरडे असतात आणि चैत्रानंतर उघड्यावरचे ऊन सोसत नाही.

भोवाळ्याच्या तळ्यापाशी वाट टेकडीस भिडते. वर दत्तमंदिराकडे शेकडो पायऱ्या चढतात. दत्तजयंतीस येथे मोठी यात्रा भरते. अर्ध्या चढावर थांबून मागे वळले की तळे, खाचरे आणि नारळ-पोफळीचा गर्द पट्टा एका नजरेत येतो. त्या पट्ट्यात जागोजाग लाल कौलांचे नवे ठिपके आहेत, आणि त्यापलीकडे समुद्र.