तोतरेपण आणि भीती : आधी काय, नंतर काय

तोतरं बोलणाऱ्या पोराला जातायेता मिळणारा सल्ला ठरलेला असतो : "घाबरू नको, सावकाश बोल." देणारा मायेनंच देतो. पण त्यामागची समजूत अशी, की पोरगं घाबरतं म्हणून अडखळतं. तोतरेपणाबद्दलचे बरेचसे गैरसमज इथूनच फुटतात. परिणामालाच आपण कारण समजून बसलो आहोत.

तोतरेपण बहुधा दुसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या दरम्यान सुरू होतं. त्या वयात साहेबाची, सभेची भीती कुठली? अंगणात कोंबडीमागे धावताना, खुशीत काही सांगतानाही ते पोर पहिल्याच अक्षरावर अडकतं. बोलताना श्वास, स्वरयंत्र, जीभ आणि ओठ यांचा मेळ मेंदूला क्षणार्धात जुळवावा लागतो. हे काम करणाऱ्या मेंदूच्या भागांत तोतरं बोलणाऱ्यांमध्ये फरक आढळतो. घराण्याचाही वाटा मोठा असतो. २०१० साली अमेरिकी संशोधकांनी पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासावरून तोतरेपणाशी संबंधित जनुकीय बदल दाखवून दिले. शंभरातली पाचेक मुलं लहानपणी या टप्प्यातून जातात. त्यातली बहुतेक आपोआप सावरतात आणि मोठेपणी शंभरात एखाद्याच माणसाचं तोतरेपण टिकतं. त्यात पुरुष जास्त.

भीती येते ती नंतर. हजेरीच्या वेळी 'हजर' निघत नाही, पोट्टे हसतात, आणि उद्याच्या हजेरीची धास्ती आजच बसते. मग माणूस शब्द चुकवायला शिकतो. चंद्रपूरहून निघालेल्या एसटीत गोंडपिपरीला उतरणारा एखादा तरुण डोळ्यांसमोर आणा. 'गों'वर घसा आवळतो, मागे रांग, कंडक्टर घाईत. तो पुढच्या आष्टीचं तिकीट मागतो, जास्तीचे पैसे देतो आणि गोंडपिपरीलाच उतरतो. दुसऱ्या शब्दाला पर्याय सापडतो, पण गावाच्या नावाला आणि स्वतःच्या नावाला पर्याय नसतो. म्हणून तोतरं बोलणाऱ्या अनेकांना सगळ्यात जड जातं ते आपलंच नाव सांगणं. ऐकणाऱ्याला वाटतं, याला स्वतःचं नावही आठवत नाही! बुद्धी कमी असल्याचा शिक्का बसतो तो इथे. तोतरेपणाचा आणि बुद्धीचा काहीही संबंध नाही. त्या मुलाला काय म्हणायचंय ते नेमकं ठाऊक असतं. तोंडी परीक्षेत त्याला 'अभ्यास केला नाही' म्हणून खाली बसवणं हा अन्यायच आहे.

आपल्या भागात आणखी एक समजूत आहे. गोंडपिपरी तालुका तेलंगणाच्या सीमेवर. कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या घरी तेलुगू, बाजारात झाडीबोली आणि शाळेत पुस्तकी मराठी. पोरगं अडखळलं की सांगितलं जातं, "दोन-दोन भाषांनी गोंधळ झाला, घरची भाषा बंद करा." अनेक भाषांमुळे तोतरेपण होतं असं सिद्ध झालेलं नाही. उलट आजीशी गोंडीत बोलणारं पोर गोंडी तोडल्यावर आजीलाच मुकतं. ज्या पोराला बोलायला मायेची माणसं हवीत, त्याच्याकडून ती काढून घेऊ नका.

"नाटकं करतोय" हा आरोप तर फार दुखावणारा. कारण सांगितलं जातं की भजनात हाच पोरगा खणखणीत गातो. गातो, हे खरं आहे. गाताना, सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना, एकट्यानं बोलताना किंवा बैलाशी बोलताना तोतरेपण बहुतेकांचं जवळजवळ नाहीसं होतं. झाडीपट्टीच्या नाटकासारखी पाठ केलेली भूमिका वठवतानाही काहींचं तसंच होतं. ठरलेली लय आणि ठरलेले शब्द हाताशी असले की मेंदूवरचं जुळवाजुळवीचं ओझं हलकं होतं, असं मानलं जातं. आज बरं, उद्या वाईट, हाही तोतरेपणाचा स्वभावच आहे. त्यात लबाडी नाही.

उपायांकडे येऊ. वेखंड उगाळून चाटवणं घरोघरी चालतं. त्यानं तोतरेपण जात नाही, आणि वेखंडातल्या बीटा-असॅरोन या घटकामुळे अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आहे. तोंडात खडे धरायला लावू नका, ते घशात जाऊ शकतात. जिभेखालचा पडदा कापून तोतरेपण थांबत नाही. १८४१ मध्ये बर्लिनच्या डिफेनबाख या नामांकित शल्यचिकित्सकानं तोतरेपणासाठी लोकांच्या जिभांवरच शस्त्रक्रिया केल्या होत्या. तो मार्ग पुढे टाकून द्यावा लागला. तोतरेपणासाठी खास मान्यता मिळालेलं औषधही आजवर नाही. तेव्हा 'पंधरा दिवसांत हमखास' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आईवडील स्वतःला दोष देतात, "आम्ही रागावलो म्हणून झालं." रागावण्यानं तोतरेपण जन्मत नाही. पण रागावणं काय करतं ते १९३९ च्या एका क्रूर प्रयोगात दिसलं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात २२ अनाथ मुलांवर तो झाला. नीट बोलणाऱ्या काही मुलांनाही 'तुम्ही तोतरे आहात' असं सतत ऐकवण्यात आलं. ती तोतरी झाली नाहीत, पण बोलेनाशी झाली. आयोवा विद्यापीठानं त्याबद्दल माफी मागितली ती २००१ मध्ये.

म्हणून घरात करायचं ते एवढंच : त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, तोंडाकडे टक लावायची नाही, आपलंच बोलणं जरा संथ करायचं, आणि कसं बोलला यापेक्षा काय बोलला त्याला उत्तर द्यायचं. मोठ्यांना वाचा-उपचारांत शब्द हलक्या आवाजात सुरू करणं, अडकल्यावर जोर न लावता त्यातून सुटणं शिकवतात. मुद्दाम थोडं तोतरं बोलण्याचाही सराव असतो. लपवण्याची धडपड सुटली की अर्धं ओझं तिथेच उतरतं. "मी तोतरा बोलतो, जरा थांबा," असं फोनवर आधीच सांगणाऱ्याचं पुढचं बोलणं अनेकदा सोपं जातं. २००८ साली उभी राहिलेली इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन ही तोतरं बोलणाऱ्यांनीच चालवलेली संघटना हाच स्वीकाराचा मार्ग सांगते. तिच्या ऑनलाइन बैठका असतात, त्यामुळे तालुक्याच्या गावातूनही त्यांत बसता येतं.

अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं, घरात आणखी कुणी तोतरं असलं, किंवा बोलताना पोराच्या मानेच्या शिरा ताणल्या जात असल्या, तर वाट बघू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. अनोळखी डॉक्टरांपुढे पोर गप्पच बसतं, त्यामुळे तोतरेपण त्यांच्या लक्षात येत नाही. त्या दिवशी आईनं किंवा बाईंनी स्वतः सांगावं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी वाचा-उपचार तज्ज्ञाकडे जाण्यासाठी चिठ्ठी मागून घ्यावी.