शून्य कोणाचे धरायचे?

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात एव्हरग्लेड्स नावाचा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश आहे. त्याचा उतार किलोमीटरला जेमतेम 3 सेंटिमीटर! कालवे व बांध यांनी बिघडलेला तेथील प्रवाह सुधारण्याची योजना 2000 साली मंजूर झाली. पाण्याची पातळी मात्र निरनिराळ्या संस्था मोजतात. उंची मोजण्याचे 1929 चे शून्य आणि 1988 चे शून्य यांत तेथे सुमारे 45 सेंटिमीटरांचा फरक आहे. म्हणजे 15 किलोमीटरांच्या उताराइतका! एकाने जुने व दुसऱ्याने नवे शून्य धरले, तर पाणी चढावर वाहताना दिसेल. म्हणून या संस्थांच्या दोनशेहून अधिक मापनकेंद्रांचे आकडे 1988 च्या शून्यावर आणून पाण्याचे रोजचे नकाशे काढतात. तुमच्या प्रयोगवहीत शून्य कोठे धरले, हे लिहिता ना?