दातांच्या डॉक्टरांचा बागुलबुवा करू नका

“गुपचूप जेव, नाहीतर डॉक्टरकाकांना सांगून सुई टोचायला लावीन!” हे वाक्य आपल्यापैकी कुणाच्या तोंडून गेलेलं नाही? त्या वेळेपुरतं काम भागतं. पण एका रात्री मुलाची दाढ ठणकू लागते, सकाळी गाल सुजलेला दिसतो आणि त्याच काकांच्या खुर्चीत त्याला बसवायची वेळ येते. मग तो भोकाड पसरतो, तोंड घट्ट मिटून घेतो. यात त्याची काय चूक? भीती आपणच पेरलेली असते.

“दुधाचेच दात, आज ना उद्या पडणारच,” असं म्हणून दुर्लक्षही करू नका. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात. त्या किडून आधीच काढाव्या लागल्या, तर शेजारचे दात सरकतात आणि नव्या दातांना जागा उरत नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास अगदी मागे येणारी दाढ कायमची असते. कुठलाही दात न पडता ती येते, म्हणून पुष्कळ आयांना तीही दुधाचीच वाटते!

तेव्हा पहिली भेट काही दुखत नसतानाच होऊ द्या. खरं तर पहिला दात दिसला की, निदान वर्षाच्या आत, बाळाला दाखवून आणावं. ते राहून गेलं असेल तर आता न्या. सकाळची, मूल ताजंतवानं असतानाची वेळ घ्या.

आदल्या दिवशी घरी खेळ मांडा. मुलाला मांडीवर आडवं घ्या, “आ” करायला लावा आणि चमच्याच्या दांड्यानं दात मोजा. मग त्याला बाहुलीचे दात मोजू द्या.

“मुळीच दुखणार नाही हं,” असं मात्र सांगू नका. एकदा खोटं ठरलात की पुढं विश्वास उडाला. “मुंगी चावल्यासारखं वाटेल, मग दाढ झोपी जाईल,” एवढं पुरे. स्वतःच्या दाढदुखीच्या कहाण्या त्याच्यासमोर नकोतच.

आधी सांगायचं, मग दाखवायचं आणि नंतरच करायचं, ही पद्धत ॲडलस्टन यांनी १९५९ साली मांडली. मुलांचे दंतवैद्य आजही ती वापरतात. डॉक्टरांना तसं करण्याची विनंती करा. हात वर केला की थांबायचं, ही खूणही आधी ठरवून घ्या. थांबवणं आपल्या हाती आहे, या जाणिवेनंच मुलाला धीर येतो.

भूल दिली असेल, तर ती उतरेपर्यंत मुलाकडे लक्ष ठेवा. बधिर झालेला ओठ मुलं नकळत चावतात.

आणि घरी आल्यावर “रडलास की नाही?” असं विचारू नका. “केवढा मोठा आ केलास रे!” म्हणा. पुढच्या खेपेला तो आपणहून चपला घालील.