बी-१२ चे इंजेक्शन घरी घेताना : आधी शिक्षण, मग सुई

लासुर्णे हे बारामती-इंदापूर रस्त्यावरील गाव. शेतीवर व रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला दवाखान्याची एक फेरी म्हणजे बहुधा एक बुडालेला रोजगार. डॉक्टरांनी जीवनसत्त्व बी-१२ ची इंजेक्शने लिहून दिली, की 'ही सुई आम्हाला घरीच घेता येईल काय?' असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. घेता येते, परंतु गरज तपासणीने ठरलेली असावी, पहिली सुई दवाखान्यातच घेतलेली असावी आणि कृती परिचारिकेसमोर शिकून घेतलेली असावी.

गरज कोणाला?

बी-१२ हे रक्त तयार होण्यासाठी व मज्जातंतू निरोगी राहण्यासाठी आवश्यक आहे. ते दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. भाज्या व धान्यांत ते जवळजवळ नसते. आपल्या जिल्ह्यात ही उणीव नवी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडी, झोपडपट्टी व शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले.

सततचा थकवा, हातापायांना मुंग्या, जिभेची आग, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा ही या उणिवेची लक्षणे आहेत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. उपचारास फार उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. केवळ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. म्हणून रक्ततपासणीला पर्याय नाही.

मात्र प्रत्येकाला सुईच लागते असे नाही. पुष्कळांना गोळ्यांनीही गुण येतो. ज्यांच्या आतड्यांत बी-१२ शोषले जात नाही किंवा ज्यांच्या मज्जातंतूंवर परिणाम झाला आहे, त्यांना डॉक्टर बहुधा इंजेक्शन देतात. सुरुवातीला ती थोड्या दिवसांच्या अंतराने असतात. पुढे महिन्याने किंवा दोन-तीन महिन्यांनी घ्यावी लागतात. 'ताकदीची सुई' म्हणून ती मागून घेऊ नये.

काय शिकून घ्यावे?

इन्सुलिन कातडीखाली देतात, तर बी-१२ सहसा स्नायूत देतात. त्यामुळे इन्सुलिनची आखूड सुई येथे चालत नाही. स्वतः घेण्यास मांडीची बाहेरची बाजू योग्य असते. कमरेपासून गुडघ्यापर्यंत मांडीचे तीन भाग कल्पून मधला भाग निवडावा. नितंबात स्वतः सुई घेऊ नये. तेथील मोठ्या मज्जातंतूला इजा होण्याचा धोका असतो.

प्रथम हात साबणाने धुवावेत. औषधाचे नाव, मात्रा व मुदत पाहावी. औषध गढूळ असल्यास ते वापरू नये. काचेची कुपी कापसात धरून, आपल्यापासून दूर वळवून फोडावी. सिरिंजमधील हवा काढावी. कातडी स्पिरिटने पुसून ती वाळू द्यावी. मांडी सैल सोडून सुई सरळ आत घालावी, औषध सावकाश सोडावे, सुई सरळ बाहेर काढावी व कापूस दाबून धरावा. पुढच्या वेळी दुसरी मांडी निवडावी. हात थरथरत असतील वा दृष्टी मंद असेल, तर घरातील एखाद्याने हे शिकून घ्यावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना ते आधीच सांगावे.

अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर त्वरित १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वापरलेली सुई

सिरिंज व सुई प्रत्येक वेळी नवी असावी. एकाची दुसऱ्याने कदापि वापरू नये, पतिपत्नींनीही नाही. उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात, बांगरमऊ परिसरात अनेकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे २०१८ साली उघडकीस आले. एकच सुई अनेकांना टोचल्याचा आरोप तेथील एका बोगस डॉक्टरवर झाला. स्वस्तात घरी येणारी सुई किती महाग पडू शकते, हे यावरून ध्यानी यावे.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात ती टाकावी व डबा भरत आला की आरोग्य केंद्रात विचारून तेथे द्यावा. उकिरड्यावर वा बांधावर फेकलेली सुई कचरा वेचणाऱ्या भगिनीच्या हातात किंवा खेळणाऱ्या लेकराच्या पायात शिरते.

आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल आपल्याला शिकवतात. शेजाऱ्याचे शरीरही तसेच मंदिर आहे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली जागतिक आजारी दिनाची स्थापना केली. तेव्हापासून ख्रिस्तसभा दरवर्षी ११ फेब्रुवारीला रुग्णांसाठी प्रार्थना करते. त्या प्रार्थनेला कृतीची जोड देता येईल. आपल्या धर्मग्रामात परिचारिका म्हणून सेवा करणाऱ्या धर्मभगिनी वा भगिनी असतील, तर गरजू कुटुंबांना हे शिक्षण देण्याची विनंती आपण त्यांना जरूर करावी.