खुळखुळ्यावरची गर्दी

आश्विनात माळावर खुळखुळ्याची पिवळी फुलं दिसतात, पण ब्लू टायगर, कॉमन क्रो या फुलपाखरांची झुंबड बहुधा त्याच्या सुकलेल्या, ओरबाडलेल्या पानांवर उडते. गर्दीत जवळजवळ सगळे नर! पायांनी पान खरवडायचं, सोंडेतून ओलावा सोडायचा आणि त्यात विरघळलेली विषारी अल्कलॉइड शोषून घ्यायची. त्यांपासून मादीला भुलवणारा गंध बनतो. शिवाय त्यांमुळे भक्षकांना या नरांचं शरीर कडू लागतं. विषाचं अत्तर करणारी ही किमया मला विलक्षण वाटते. छायाचित्रकारांना तर पर्वणीच. एरवी चाहुलीनं उडणारे हे नर इथं तंद्रीत असतात. आपली सावली पडू न देता, कॅमेरा पंखांच्या पातळीवर आणून सावकाश जवळ जा. फांदी मात्र वाकवू नका.